कुंकवाखालची ओळ

मी मुळातच भित्री. पालीला भिते, ढग गडगडले की भिते, अनोळखी नंबरवरून फोन आला तरी छातीत धडधडतं. पण भीती झाकायला मी तोंड सोडते, त्यामुळे गावात मी तोंडाळ म्हणून ओळखली जाते, भित्री म्हणून नाही. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या मी अर्ध्या गावाला सुनावते. फक्त एका माणसापुढं माझा आवाज कधी निघाला नाही. ते म्हणजे शेजारच्या घरात राहणारे माझे चुलत भासरे, माझ्या नवऱ्याचे मोठे चुलतभाऊ.

आमच्याकडं भासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही. काही सांगायचंच असलं तर मध्ये एखादं माणूस धरायचं. माणूस नसलं तर भिंतीकडं तोंड करायचं आणि शेवटी 'म्हना' लावायचं. 'गाय सुटली म्हना, आमच्या तुरीत शिरली म्हना.' त्यांच्या घराची मातीची भिंत आमच्या आंगणाच्या कडेला आहे. एकवीस वर्षं मी त्या भिंतीला सांगत आले. भिंतीनं कधी उलट उत्तर दिलं नाही, एवढं बरं.

त्या हिवाळ्यात गावठाणाची मोजणी निघाली. शेताला सातबारा असतो, पण गावातल्या घरांना आमच्याकडं असा कागद नव्हता. घरपट्टीची पावती हाच काय तो पुरावा, आणि पावतीवर घर असतं, आंगण नसतं. आता सरकार वरून ड्रोन फिरवून फोटो काढणार आणि ज्याच्या त्याच्या नावाचं कार्ड देणार होतं. कोतवाल गल्लीगल्लीत सांगत फिरला, "आपआपल्या हद्दीवर चुन्याची पांढरी फक्की टाका. ड्रोन वरून तेच पाह्यते. मंग आठ दिवसांनी साहेब घरोघर येतीन, कागद पाह्यतीन, शेजारपाजारच्याले इचारतीन, अन् नाव लिहतीन. मांगून बोंबलाल तं माह्याजवळ येऊ नका."

माझं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, दोन खणांचं. त्याला लागून आंगण, आणि आंगणाच्या पलीकडच्या कडेला भासऱ्यांची ती भिंत. आंगणात मी पत्र्याची खोली उभी केली आहे, तिच्यात माझी मशीन. खोलीमागं न्हाणी. दिवाळी झाली की नवरा पुण्याकडं वीटभट्टीवर जातो, तो होळीला परततो. मधले महिने घर चालतं ते त्या पत्र्याच्या खोलीवर.

ड्रोन यायचा त्या दिवशी सकाळी मी झाडू घेऊन बाहेर आले तर भासरे आंगणात उभे. हातात घमेलं, घमेल्यात फक्की. ते अगदी शांतपणे, वाकून, माझ्या घराच्या भिंतीला चिकटून पांढरी रेघ ओढत होते. आंगण, खोली, न्हाणी, सगळं रेघेच्या त्यांच्या बाजूला. मी तिथंच थिजले. दुसरं कुणी असतं तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मी पदर पुढं ओढला आणि त्यांच्या भिंतीकडं तोंड केलं.

"आमची खोली तिकडं गेली म्हना," मी म्हटलं.

भासऱ्यांनीही माझ्याकडं पाहिलं नाही. तेही भिंतीलाच म्हणाले, "खोली राहू द्या म्हना, आमी काही काढून राह्यलो नाही. पन जागा आजोबाची हाय, सामाईक हाय. कागद असला तं दाखवा म्हना साहेबाले."

आवाज चढा नव्हता. ते कधीच आवाज चढवत नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटते. भांडणाऱ्याशी भांडता येतं. गोड बोलणाऱ्याचं काय करायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

दुपारी ड्रोन आला. गांधीलमाशीसारखा आवाज करत गावावरून फिरला. पोरं नाचत होती, म्हातारे कपाळावर हात धरून वर बघत होते. मी मात्र खाली, त्या रेघेकडं बघत होते. पायानं पुसून टाकावी असं दहादा मनात आलं. पण भासरे ओट्यावर बसले होते, आणि माझा पाय उचलला नाही.

कागद होता. म्हणजे आहे, असं मी धरून चालले होते. सासऱ्यांनी ही जागा आजोबांकडून घेतली नव्हती, गाव सोडून गेलेल्या एका सोनाराकडून विकत घेतली होती, हे घरात सगळ्यांना माहीत. त्याचं खरेदीखत सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत, लाल फडक्यात बांधलेलं. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, ते बाहेर निघायचं. पाटावर नवा झाडू, लाह्या-बत्तासे, आणि मध्ये घडी घातलेलं खरेदीखत. सासूबाई ओल्या बोटानं हळद लावायच्या, मग कुंकू, मग अक्षता. घडी मोडायची नाही. "कागद उघडला की लक्ष्मी हालते," असं त्या म्हणायच्या. घडीवर एका ठिकाणी आधीच्या वर्षांचा लाल ठिपका होता, बोट बरोबर तिथंच टेकवायचं. मी नवी नवरी होते तेव्हा त्यांनी माझं बोट धरून ती जागा दाखवली. पुढं त्यांचे हात थरथरू लागले तेव्हापासून पूजा माझ्याकडं आली. मीही बरोबर तिथंच बोट टेकवत आले.

हीच पेटी सासूबाईंच्या तेरवीच्या दिवशी माझ्या नणंदेनं मागितली होती. नणंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान, कामरगावला दिलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती घरात होती, दोघी एका ताटात जेवलेल्या. "वयनी, आईची पेटी मले दे," एवढंच म्हणाली. मला वाटलं, आज पेटी, उद्या भांडी, परवा काय? मी भ्यायले, आणि भ्यायले की मी काय करते ते वर सांगितलंच आहे. पंगतीतल्या पाहुण्यांसमोर मी म्हटलं, "या घराचं एक कवेलूही तुह्या नावाचं नाही." तिनं पिशवी उचलली आणि बस स्टँडकडं चालू लागली. त्याला चार वर्षं झाली होती. एक फोन नाही, एक राखी नाही.

ड्रोन गेला त्या संध्याकाळी मी दाराला कडी लावली, पेटी उघडली, फडकं सोडलं आणि पहिल्यांदा ती घडी मोडली.

कागद हातात तुटला. कुंकवाच्या जागी भोक होतं, करंगळी जाईल एवढं. भोकाभोवती तेल, हळद, आणि कडा कसरीच्या किड्यानं खाल्लेल्या. वर 'लिहून देणार' म्हणून सोनाराचं नाव दिसत होतं. खाली 'लिहून घेणार' आणि त्याच्यापुढं काहीच नाही. आतल्या पानांवर कुंकू पाझरून अक्षरं तपकिरी झालेली. जागेची चतुःसीमा, म्हणजे चार बाजूंना कोण कोण ते जिथं लिहितात, तिथली पानं तर एकमेकांना चिकटून बसलेली. मी नखानं सोडवायला गेले तर पापुद्रा निघाला.

कसरीला काय नावं ठेवायची? दर दिवाळीला न्हाऊन-धुऊन, नवी साडी नेसून, मीच बोटानं घासून घासून त्या कागदाचा जीव घेतला होता. लक्ष्मी हालू नये म्हणून.

नवऱ्याला फोन केला. "तुमच्या भाऊनं आंगणात फक्की टाकली," म्हटलं. तो म्हणाला, "आईनं कागद ठेवला हाय ना? दाखव मंग. मी इथून काय करू? तूच पाह्य." कागदाचं काय झालं ते मी त्याला सांगितलं नाही. सांगायची हिंमतच झाली नाही.

आठातला एक दिवस तसाच भीत भीत गेला. दुसऱ्या दिवशी कागद पोळीच्या डब्यात ठेवून तालुक्याला, मालेगावला गेले. तिथल्या कचेरीत कळलं, एवढ्या जुन्या दस्ताची पुस्तकं वाशीमला. पुन्हा बस. वाशीमला कचेरीच्या आवारात दस्त लिहिणारे टेबलं मांडून बसतात. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या चाचांपुढं मी डबा उघडला. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग वास घेतला.

"ये क्या किया, बेटी? कागद है के देव?"

"दर दिवाळीले पूजा करतो," मी म्हटलं. एरवी कुणी असं विचारलं असतं तर फटकन बोलले असते. त्या दिवशी रडू आवरत होते.

चाचांनी कागद उलटा केला आणि उन्हाकडं धरला. "नाम गया तो जाने दे. नोंदणीचा नंबर पाठीमांगं राह्यते. हे पाह्य, शिक्का. नंबर आधा हाय, पन साल दिसून राह्यलं." त्यांनीच अर्ज लिहून दिला. पुस्तक शोधायला दोन दिवस लागतील असं आतून सांगितलं. आता सहा उरले होते, त्यातले दोन गेले. त्या दोन दिवसांत मी शिवलेल्या तीन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लागल्या. रोज सकाळी उठून आधी रेघ बघायचे. दवानं ती फिकी होत होती, आणि भासरे रोज तिच्यावर नवी फक्की टाकत होते.

पुस्तकात दस्त सापडला. नक्कल हातात आली तेव्हा मी आवारातल्या बाकावर बसून आधी चतुःसीमाच शोधली. पूर्वेस चुलतसासऱ्यांच्या घराची भिंत. मी तीनदा वाचलं. म्हणजे आंगण, खोली, न्हाणी, सगळं आमचं, थेट त्या भिंतीपर्यंत. जिला मी एकवीस वर्षं 'म्हना, म्हना' करत आले तीच हद्द होती. जीव भांड्यात पडला, आणि मग मी पहिलं पान वाचलं.

'लिहून घेणार' म्हणून सासऱ्यांचं नाव नव्हतं. सासूबाईंचं होतं. पूर्ण नाव, वय, धंदा शेती व घरकाम.

मी नक्कल घेऊन चाचांकडं गेले. त्यांनी वाचली आणि विचारलं, "सास हाय का?"

"वारल्या. सासरे तं त्याच्याही आधी."

"औलाद?"

"माहे मालक. अन् एक नणंद."

"मंग आधा बहन का हुआ," चाचा म्हणाले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "घबराव मत. पहले बहन से हक्कसोड लिखवा ले, बाद में साहब को दिखा. सब ऐसाच करते."

हक्कसोड म्हणजे लेकीनं माहेरच्या जागेवरचा हक्क सोडल्याचा कागद. आमच्याकडं लेकी तो कागद साडी-चोळीवर करून देतात, कुणी विचारतही नाही. पण मी कोणत्या तोंडानं विचारणार होते? चार वर्षं जिची खबर घेतली नाही तिला आता फोन करून म्हणायचं, ये आणि सही कर. कामापुरता मामा. आणि तिनं का करावी? भासऱ्यांनी आंगण मागितलं होतं. नणंदेनं मनात आणलं तर ती घराच्या मधोमध भिंत घालू शकत होती.

बसमध्ये मी तो विचारही केला, कबूल करते. चतुःसीमा दुसऱ्या पानावर होती. टाचणी काढली आणि दुसरं पान तेवढं दाखवलं तर? पहिलं पान चुलीत. भोक पडलेला मूळ कागद तर माझ्या बाजूनंच साक्ष देत होता, त्याच्यावर घेणाऱ्याचं नावच नव्हतं. मेडशीपासून घरापर्यंत मी टाचणीवर अंगठा ठेवून बसले होते. घरी येऊन नणंदेचा नंबर तीनदा लावला आणि वाजायच्या आत तीनदा कापला.

साहेब आले त्या दिवशी आंगणात टेबल लावलं. चार शेजारी पंच म्हणून उभे. भासरे खुर्चीवर, धोतराचा सोगा मांडीवर घेऊन. त्यांनी आपलं म्हणणं सांगितलं, जागा आजोबाची, घरं दोघाची वेगळी, आंगण सामाईक. माणसं माना हलवत होती. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

मी सवयीनं भिंतीकडं वळले. भिंतीपुढं पंच उभे होते. भिंत दिसतच नव्हती.

मी नक्कल टेबलावर ठेवली. टाचणीसकट, सगळी पानं. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि भासऱ्यांच्या तोंडाकडं बघून म्हटलं, "भाऊजी, जागा आजोबाची नाही. कागद हाय."

आवाज चिरका निघाला, गळा दाबलेल्या कोंबडीसारखा. कुणी हसलं नाही. भासरे इतके चकित झाले की तेही पहिल्यांदाच माझ्याकडं बघत राहिले.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. लिहून घेणार म्हणून सासूबाईंचं नाव आलं तसे भासरे पुटपुटले, "काकूच्या नावानं?" मग पूर्वेची भिंत आली. मग शेवटी साक्षीदार. पहिला साक्षीदार भासऱ्यांचे वडीलच होते. साहेबांनी पान त्यांच्यापुढं सरकवलं. भासऱ्यांनी त्या सहीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"बाबाची सई हाय," ते म्हणाले. "मंग माह्यं काही म्हननं नाही." आणि ते उठून घरात गेले. वाईट माणूस नाही तो. मला आजही त्यांची भीती वाटते, पण हे सांगायलाच हवं.

मला वाटलं, झालं. साहेबांनी पेन उचललं. "या बाई मयत आहेत ना? वारस कोण कोण?"

पंच माझ्याकडं बघत होते. सगळ्यांना माहीत होतं, आणि मी एकच नाव सांगितलं असतं तर कुणी दुसरं सांगितलं नसतं. गावात असंच चालतं. कानात नुसता घूं-घूं आवाज, ड्रोनसारखा. मला पेटी आठवली, आणि पिशवी उचलून निघालेली नणंद.

"एक मुलगा," मी म्हटलं. "अन् एक मुलगी. कामरगावले."

साहेबांनी दोन्ही नावं लिहिली. मुलीची सही लागेल, पंधरा दिवसांत तिला आणा, म्हणाले आणि टेबल पुढच्या घरी गेलं.

मी झाडू घेतला आणि ती रेघ झाडून टाकली. भासऱ्यांचं संकट गेलं होतं, पण दुसरं मीच माझ्या तोंडानं बोलावून घेतलं होतं. नवऱ्याला काय सांगू? अर्धं घर देऊन बसले म्हणून? मशीनवर बसले, उठले, पुन्हा बसले. दिवे लागायच्या आत नंबर लावला आणि या वेळी कापला नाही.

"बोल वयनी," पलीकडून आवाज आला. चार वर्षांनी. माझा नंबर तिनं ठेवला होता.

मी एका दमात सगळं सांगितलं. फक्की, भोक, चाचा, नक्कल, साहेब. मधे थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. "जागा आईच्या नावानं हाय," मी म्हटलं. "तुहं नाव लिहून देल्लं मी."

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

"काय?"

"आईच्या नावानं हाय ते. लहान होतो तवाच आईनं सांगतलं होतं. तिच्या कानातलं सोनं देऊनच जागा घेतली." मला सासूबाईंचे लोंबलेले रिकामे कान आठवले. भोकात त्या कडुनिंबाची काडी घालून ठेवायच्या. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. "तिले कुठं वाचता येत होतं? दस्त लिहनाऱ्यानं तिचं बोट धरून दाखवलं, बाई, हे तुमचं नाव. तेवढी एक ओळ तिले ओळखू ये. मंग ते वर येईन अशीच घडी घातली, अन् दर दिवाळीले तिथं कुंकू लावे."

मी खाली बसले. माझं बोट धरून त्यांनी मला जे दाखवलं होतं ते हे होतं. आणि तेरवीच्या दिवशी, पंगतीसमोर, मी जे बोलले ते या पोरीनं सगळं माहीत असून ऐकून घेतलं होतं.

"मंग त्या दिवशी बोलली काहून नाही?" मी विचारलं.

"तू आयकत होती का?"

तिकडं कुकरची शिट्टी झाली.

"हक्कसोड मांगशीन तं देनार नाही बरं," ती म्हणाली.

"मांगत नाही. सईले ये. पेटी काढून ठेवतो तुह्यासाठी."

"येतो सोमवारी." फोन ठेवेल असं वाटलं, पण तिनं ठेवला नाही. "अन् वयनी."

"काय?"

"कवेलू मोजून ठेव. अर्धे माहे."

ती हसत होती की नाही, ते मला कळलं नाही. फोन बंद झाला होता. मी आंगणात आले, मान वर केली आणि कडेच्या ओळीपासून मोजायला लागले.